अकराव्या पानाचं नाव

आधीच सांगून टाकते — भूत, मुंजा, हडळ, चकवा यांपैकी कोणीही मला आजवर भेटलेलं नाही. आमच्या नंदाखालला वाडीतल्या विहिरीवर भर बारा वाजता जाऊ नये म्हणतात. मी लग्न होऊन आल्यापासून मुद्दाम बारालाच जायची. त्या वेळी विहिरीवर कोणी नसतं, धुणं लवकर उरकतं... एवढाच काय तो माझा अनुभव. या ग्रुपवर मला नातीनं घातलं. घाटात लिफ्ट मागणाऱ्या पांढऱ्या साडीतल्या बायांच्या गोष्टी मी रोज वाचते आणि मनात म्हणते, बाई गं, घाटातल्या धुळीत पांढरी साडी नेसायची, मग ती धुतं कोण?

तर अशा बाईचा हा अनुभव आहे. यात कोणी किंचाळत नाही. सगळं भर दिवसा घडलं, सकाळी अकरा ते दुपारी दीडच्या दरम्यान, वसई गावात पारनाक्याच्या बाजूला असलेल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात. वाचनालयाचं नाव देत नाही. उगाच लोक मोबाइल घेऊन शूटिंगला जातील, आणि तिथे आधीच खुर्च्या कमी आहेत.

पण त्याआधी पानांचं सांगायला हवं.

आमच्या घरात लग्न निघालं की पहिलं आमंत्रण जिवंत माणसाला जात नाही. आधी गेलेल्यांना. मांडव पडायच्या आदल्या सकाळी देवापुढे केळीचं पान मांडायचं, त्यावर एकेक विड्याचं पान, पानावर सुपारी, आणि प्रत्येक पान ठेवताना एकेकाचं नाव घेऊन सांगायचं — "अमके, घरात लग्न आहे, या." नाव घेतल्याशिवाय पान ठेवायचं नाही. नाव नाही तर आमंत्रण नाही. हे काम घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईचं, म्हणजे तेव्हा माझ्या सासूबाईंचं. त्यांना आम्ही आई म्हणायचो. यमुना त्यांचं नाव. अक्षर एक ओळखत नव्हत्या, पण अकरा पानांची अकरा नावं क्रमानं तोंडपाठ.

त्यातलं अकरावं पान 'पहिली'चं.

पहिली म्हणजे माझ्या सासऱ्यांची पहिली बायको. लग्नानंतर तीन-चार वर्षांतच तापानं गेली. मूलबाळ नाही. मग दुसरी म्हणून आई आल्या. पहिलीला घरात कोणी नावानं संबोधत नसे. गेलेल्या सवतीचं नाव दुसरीच्या संसारात मोठ्यानं घेतलं तर ती वळून बघते, अशी समजूत. म्हणून नुसतं 'पहिली'. आईंच्या गळ्यात मंगळसूत्राजवळ सवतीचा टाक असायचा, चिंचोक्याएवढा. त्यावर बाईची आकृती, नाव नाही.

पण आईंना माहेरं दोन होती. एक स्वतःचं आणि एक पहिलीचं, भुईगावचं. पहिलीच्या आईनं त्यांना गेलेल्या लेकीच्या जागी लेक म्हणून घरात घेतलं, ओटी भरली, आणि सुकेळी करायला शिकवली. आता तुमच्यातल्या मुंबईकरांसाठी सांगते — पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज पसरायची, रोज उचलायची, मधाच्या रंगाची होईपर्यंत. मग केळीच्याच सुक्या सोपात, म्हणजे खोडाच्या पापुद्र्यात, घट्ट बांधायची. आईंची सुकेळी आगाशीपर्यंत नावाजलेली. कोणी वाखाणली की म्हणायच्या, "हात माजा हाय, चव तिची."

आणि मी कोण होते? मी होते सौ. मालती राऊत, बी. ए. नंदाखालातली बी. ए. झालेली पहिली सून, असं मीच सगळ्यांना सांगत असे, कोणी तपासलं नव्हतं. हिरव्या शाईनं लिहायची. हिरव्या शाईत लिहिलं की माणूस प्रिन्सिपॉल दिसतो, अशी माझी कल्पना. नणंदेच्या लग्नात मी पहिल्यांदा ती पानं बघितली आणि फिसकन हसले. म्हटलं, "आई, नावासोबत पत्ता पण सांगा, नाहीतर आमंत्रण दुसऱ्याच्या घरी जायचं."

आई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना घर म्हायती हाय. तू नावं शिकून घे."

"पाठ कशाला करायची? लिहून ठेवते ना."

आणि लिहिली. आई एकेक पान ठेवतायत, मी वहीत हिरव्या शाईत उतरवतेय. दहा नावं झाली. अकराव्याला आईंनी पदर तोंडाशी नेला आणि त्यात काहीतरी पुटपुटल्या. मला ऐकू आलं नाही. परत विचारायचं तर माझे केस विंचरायचे राहिले होते, वर गजरा सुकत होता. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्यात सुरेख वळणदार अक्षरात लिहिलंय — '११. पहिली : नाव नंतर विचारणे.'

त्यानंतर पंचवीसेक वर्षं आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात होतो. पंचवीस वर्षांत मी त्यांना मीठ किती घालू ते विचारलं, पाऊस येईल का ते विचारलं, शेजारची सून नांदते का तेही विचारलं. हे नाही विचारलं. माझ्या मुलाच्या, अजितच्या लग्नातही पानं आईंनीच मांडली. मी तेव्हा व्हिडिओवाल्याला लाइट कुठे लावायचा ते दाखवत होते.

मग आईंना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझे हात हातात घेतले. एकेक बोट दाबत गेल्या. दहा बोटं झाली, मग मनगटावर टकटक केलं. परत पहिल्यापासून दहा बोटं, परत मनगट. मला कळलं त्या काय विचारतायत. मी म्हटलं, "हो आई, अकराही लिहून ठेवलीत." त्यांनी डोळे मिटले. माझ्यावर विश्वास ठेवून मिटले, हे मला सोसायला जड जातं.

आता माझ्या नातीचं, जुईचं लग्न ठरलं. तिला नको वाटलं असतं तर मी पानांचा विषय गुपचूप गिळून टाकला असता. पण आजकालच्या पोरी उलट्या. ही कॉम्प्युटरवर काम करते आणि म्हणते, "आजी, पानं मांडायचीच हं. मला ते सगळ्यात जास्त हवंय. नावं सांग, मी टाइप करून ठेवते."

मी दहा सांगितली.

"आणि अकरावं?"

"ते... सांगते नंतर."

"आजी, तू विसरलीस का गं?"

अजितनं पेपरावरून माझ्याकडे बघितलं. हल्ली तो मला तसं बघतो. एकदा देवघरात दिव्याऐवजी चष्मा ठेवला होता मी, तेव्हापासून. विसरले म्हणणं सोपं होतं. कधी विचारलंच नाही, हे नातीला सांगायची लाज वाटली.

लग्नाला तीन आठवडे. विचारायचं कोणाला? नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यालाही 'पहिली' यापलीकडे ठाऊक नव्हतं. भुईगावची वाडी विकली गेली, तिथली माणसं कुठे पांगली ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही. गावातल्या जुन्या बायांमध्ये आता सगळ्यांत जुनी मीच. शेवटी विचार केला, पुस्तकात बघू. बी. ए. ना मी.

एका मंगळवारी निर्मळ, भुईगाव करत बसनं वसईला गेले. लग्नानंतर चार-पाच वर्षं मी याच वाचनालयातून कादंबऱ्या नेत असे. आत तोच वास, डांबरगोळ्या आणि जुना कागद. पहिल्या मजल्यावर वाचनाची खोली, तिथून लाकडी जिन्यानं वर माळ्यावर संदर्भग्रंथांची कपाटं. वर वाचकांना सोडत नाहीत. चिठ्ठी भरायची, शिपाई पुस्तक आणून देतो. टेबलापाशी ग्लोरिया म्हणून मुलगी बसते, भुईगावची. तिनं रजिस्टर पुढे केलं.

"आजी, सही करा. विषय पण लिहा."

मी लिहिलं, वंशावळ.

"जातीच्या दाखल्यासाठी का? सगळे त्यासाठीच येतात."

"नाही बाय, लग्नासाठी."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग मला पण बोलवा," ती म्हणाली. तेव्हापासून आमचं जमलं.

तिनं मला जुन्या घराण्यांच्या वंशावळींचा ग्रंथ सुचवला. लाल कापडी बांधणीचा, उशीएवढा जाड. मी चिठ्ठी भरली. चिठ्ठी बघून हसू आलं, अजून तीच छापतात. नाव, गाव, पुस्तकाचा क्रमांक, आणि खाली — 'वाचक थांबणार / नंतर येणार (नको ते खोडावे)'. मी 'नंतर येणार' खोडलं आणि बसले. नियम असा की चिठ्ठी त्या पुस्तकातच राहते. वाचकानं पुस्तक बघून परत केलं की मगच चिठ्ठीवर काट मारून ती काढतात.

शिपाई तुकारामदादा, फुलपाड्याहून येतात, साठीला टेकलेले. वर गेले, खाली आले, आणि माझ्यापुढे खाकी पुठ्ठ्याचं एक बारीकसं पुस्तक ठेवलं. वर छापलेलं — फळफळावळ व गृहोद्योग प्रदर्शन, अहवाल.

"हे काय?"

"तुमचं पुस्तक."

"मी वंशावळ मागितली. तुम्ही केळी आणलीत."

"चिठ्ठीवर नंबर हाय तोच आनला, आजी. चार नंबरचं कपाट, तिसरा कप्पा, सातवं पुस्तक. मोजून काढलं."

ग्लोरियानं पुस्तकाचा कणा बघितला. "दादा, हे शेतीचं आहे. शेतीचं कपाट तळमजल्यावर, तुमच्याच कुलपात. हे वर कसं आलं?"

"आता मला काय ठाव. पाय फुटलं असतील."

ते परत वर गेले. लाल ग्रंथ जागेवर नव्हता. खाकी पुस्तक माझ्या हातात होतं आणि मी ते उघडलंसुद्धा नाही. मला केळ्यांचं घराणं काढायचं नव्हतं. परत दिलं आणि बस पकडली. घरी काही बोलले नाही. मनात मात्र आलं — नंबर मीच तर चुकीचा लिहिला नाही ना? अजितचं बघणं बरोबर तर नाही ना?

शुक्रवारी परत गेले. ग्लोरिया म्हणाली, "आजी, तुमचं लाल पुस्तक जागेवरच आहे. सकाळीच बघितलं मी. दादांना नीट दिसलं नसेल." मी चिठ्ठी लिहिली आणि तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. नंबर बरोबर होता. माझ्या जिवात जीव आला. तुकारामदादा वर गेले.

खाली आले तेव्हा हातात खाकी पुस्तक. आत माझी चिठ्ठी खोचलेली, नंबर बरोबर.

या वेळी कोणी हसलं नाही. दादा म्हणाले, "मी लालच बघितलं व्हतं, बाय. शप्पथ."

माझा जुना खोडसाळपणा जागा झाला. म्हटलं, चला खाली. आम्ही तिघं तळमजल्यावर गेलो. दादांनी शेतीचं कपाट उघडलं, माझ्यादेखत खाकी पुस्तक आत ठेवलं, कुलूप लावलं. किल्लीला पत्र्याचा बिल्ला होता. ती किल्ली मी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. "आता बघू कशाला पाय फुटतात ते."

"या वेळी मी आणते," ग्लोरिया म्हणाली आणि माळ्यावर गेली.

मी आणि तुकारामदादा वाचनाच्या खोलीत जिन्याकडे बघत बसलो. वर कपाट उघडल्याचा आवाज आला. मग ती उतरायला लागली. लाकडी जिना आहे, पावलांचा अंदाज येतो. पावलं हळू, जड, मध्ये एकदा थांबलेली. ती दिसली तेव्हा दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलेलं, कडेवरच्या पोराला सावरून धरतात तसं. टेबलाशी आली, वाकली आणि पुस्तक ठेवलं.

खाकी. बारीकसं. एका हाताच्या दोन बोटांत येईल असं.

ग्लोरिया पुस्तकाकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती. "आजी, लाल होतं. जड होतं. जिन्यात मी थांबून हात बदलला." मग तिनं हळूच क्रूसाची खूण केली.

मी पर्स उघडली. किल्ली होती, बिल्ल्यासकट. दादांनी ती घेतली, खाली जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "कुलूप हाय तसं व्हतं. आत जागा रिकामी हाय." मग जरा थांबून, मला लहान मुलीला सांगावं तसं म्हणाले, "आजी, उघडा आता ते. कोनाला तरी तुमी ते उघडायला हवंय."

तीनदा आलेलं पुस्तक. तीनदा मी न उघडलेलं. उघडलं. चाफ्याचा, मोगऱ्याचा वास वगैरे काही आला नाही हो, डांबरगोळ्यांचाच आला.

मधोमध एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. वाचनालयाचीच, तीच छपाई. तिच्यावर हिरवी शाई. 'सौ. मालती राऊत, बी. ए., नंदाखाल.' खाली 'नंतर येणार' खोडलेलं, अगदी पट्टी लावून खोडावं तसं. म्हणजे वाचक थांबणार.

ते सगळं एकदम परत आलं.

लग्नानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष. आई सुकेळीची टोपली घेऊन वसईच्या बाजाराला आल्या होत्या, मी सोबत. माझं वाचनालयात काम होतं. आई म्हणाल्या, "मालती, तुज्या त्या वाचनालयात परदर्शनाचं पुस्तक हाय म्हनतात. त्यात आपल्या घरचं नाव छापलंय. मला वाचता येत नाय. कुठं छापलंय ते बोट ठेवून दाव."

मला वाटलं सासऱ्यांच्या केळ्यांना बक्षीस मिळालं असेल. म्हटलं, चला वर. त्या म्हणाल्या, "माजे पाय मातीचे हायत. मी पायरीवर बसते. तू आन." मी वर गेले, ऐटीत चिठ्ठी भरली. तेव्हा शेतीची पुस्तकंही माळ्यावरच असत, आणि शिपाई म्हातारा, हळू. आणि तेवढ्यात टेबलावर मला दिसला एका कादंबरीचा दुसरा भाग, ज्याची मी दोन महिने वाट बघत होते. तो घेतला, सही केली आणि खाली आले. शिपाई अजून माळ्यावरच होता.

"नाही मिळालं, आई. त्यांच्याकडे नाहीच आहे ते."

आईंनी वर जिन्याकडे एकदा बघितलं. टोपली उचलली. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. येल कवातरी."

घरी जाताना एसटीत मी कादंबरी वाचत होते, त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. आज विचाराल तर त्या कादंबरीचं नावसुद्धा मला आठवत नाही. नायिका श्रीमंत होती, एवढंच.

चिठ्ठी ज्या पानावर होती तिथे बक्षिसांची यादी होती. मी चष्मा पुसला. 'गृहोद्योग विभाग. सुकेळी. पहिले बक्षीस — सौ. द्वारका हरी राऊत, मौजे नंदाखाल.' हरी राऊत माझे सासरे. साल आई या घरात येण्याच्या आधीचं.

द्वारका.

आईंना स्वतःला ते नाव ठाऊक होतंच. पण मोठ्यानं घ्यायचं नाही, कोणाकडून ऐकायचं नाही. फक्त कुठेतरी ते छापलेलं आहे आणि त्यावर बोट ठेवता येईल, एवढंच त्यांना हवं होतं. ते मी त्यांना दिलं नाही. त्या पायरीवर बसल्या होत्या, मी वर जिन्यात होते, आणि पुस्तक माळ्यावरून निघालेलं होतं.

मी नावावर बोट ठेवलं. ग्लोरियानं वाकून वाचलं, "द्वारका." मग म्हणाली, "आजी, ही कोण तुमची?"

म्हटलं, "माझी सासू. पहिली."

दादा पाणी घेऊन आले. "पानी घ्या, आजी," एवढंच म्हणाले.

त्या पानाची झेरॉक्स काढली. निघताना ग्लोरियानं जुनी चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, "हिच्यावर काट मारू ना? तुम्ही बघितलंत आता पुस्तक." पन्नास वर्षांनी तिनं काट मारली, तारीख घातली. चिठ्ठी मला ठेवू दिली. नियमात बसत नाही, पण दिली.

घरी येऊन जुईला सगळं सांगितलं. वही दाखवली, '११. पहिली : नाव नंतर विचारणे' हेही दाखवलं. ती हसली नाही. मला वाटलं होतं, हसेल. मी तिच्या जागी असते तर हसले असते.

लग्नाच्या आधी पानं मांडली. आता ती चौदा झालीत, बारावं आईंचं, तेरावं सासऱ्यांचं आणि चौदावं आमच्या ह्यांचं. दहा नावं मी घेतली. अकरावं पान जुईच्या हातात दिलं. "तू घे."

"मोठ्यानं घेऊ? ती वळून बघते म्हणालीस ना."

"बघू दे की. त्यासाठीच तर बोलावतोय."

तिनं झेरॉक्सवर पान ठेवलं, पानावर सुपारी, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "द्वारकापणजी, माझं लग्न आहे. या." शेजारी मी बारावं ठेवलं, "आई, तुम्ही पण या. सोबत या." ताटात सुकेळी होती. मी केलेली, म्हणजे आईंची, म्हणजे तिची.

पुढे मी पुन्हा वाचनालयात गेले, मुद्दाम. लाल ग्रंथ मागितला, लाल ग्रंथ आला. राऊतांच्या शाखेत सासऱ्यांचं नाव सापडलं. वर बाप, खाली मुलगे, त्यांच्या खाली मुलगे. केळीच्या कांद्यातून कोंब फुटावेत तसे सगळे पुरुष एकमेकांतून फुटलेले, मध्ये बाईची गरजच नाही. ना द्वारका, ना यमुना. पहिल्या दिवशी तोच माझ्या हातात आला असता तर 'नाही सापडलं' म्हणून मी घरी गेले असते. मला तशी सवय आहेच. मग खाकी अहवाल मागितला, तर तळमजल्यावरून खाकी अहवाल आला. आता ते वाचनालय एकदम शहाण्यासारखं वागतं.

अजित म्हणतो, दोन्ही पुस्तकांची जागा बदलली असेल. मग किल्ली? तर म्हणतो, दादांकडे दुसरी असेल. मग ग्लोरियाच्या हातातलं ओझं? तर तो पेपर वाचायला लागतो. तुकारामदादा म्हणतात, द्वारकाबाईंना लग्नाला यायचं होतं. ग्लोरिया आता माळ्यावर जाताना आधी विचारते, "कोणाला काही दाखवायचंय का?" आणि मी? मला फक्त आईंचं ते वाक्य ऐकू येतं. येल कवातरी.

नक्की काय झालं ते मला माहीत नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही, विहिरीवर अजूनही बारालाच जाते. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर लिहा. घाई नाही. 'नंतर येणार' मी खोडलंय, आणि या वेळी खरंच थांबणार आहे.